फोर्ज्ड म्हणून ओतीव पिस्टन गळ्यात मारले, १,२०,८५० रुपयांना

आधी आकडा लिहितो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. १,२०,८५० रुपये. एवढे पैसे मी एका माणसाला यूपीआयवरून दिले आणि बदल्यात मारुती एस्टीमच्या इंजिनासाठी ओतीव पिस्टन आणि साध्या ईएन८ पोलादाचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) घरी आणले. पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, म्हणून. रॉड ४३४० या मजबूत स्टीलचे म्हणून. बोअरिंग-होनिंग (सिलिंडर कातून, घासून मापाला आणणं), गॅस्केट किट, ऑइल, मजुरी आणि फुटलेला ब्लॉक यात धरलेला नाही. तो हिशेब घरी अजून कोणी विचारलेला नाही, आणि मीही आपणहून काढत नाही.

आणि हे कुठे घडलं, तर कोल्हापुरात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज किती टन कास्टिंग ओतलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. फौंड्रीत कोणी ना कोणी नसलेलं घर इथे शोधावं लागेल. माझा चुलतभाऊ स्वतः मेल्टिंगला आहे. अशा गावातल्या माणसाला कोणीतरी ओतलेला पिस्टन घडवलेला म्हणून विकून जातो, हे लिहितानाही हात थरथरतोय. रागाने की लाजेने, ते तुम्ही ठरवा.

पद्धत नेहमीचीच, त्यात नवीन काही नाही. जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर फोटो, खाली दोन-चार जणांचं "एक नंबर माल दादा", मग पर्सनल मेसेज. माणूस बोलायला आपल्याकडचा. पत्ता पुण्याचा सांगितला, पण बोलण्यात सातारी हेल. पहिल्याच फोनवर "दादा, तुम्ही कोल्हापूरचे म्हणजे आपलेच, तुम्हाला काय सांगायचं" असं सुरू झालं. इंजिनातलं त्याला खरंच कळत होतं, हे मुद्दाम सांगतो. अडाणी असता तर मी दोन मिनिटांत फोन ठेवला असता.

काम काय होतं ते थोडक्यात. एस्टीमचं १.३ चं इंजिन, जी१३बीबी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ७५.५, कंपनीची ताकद ८५ बीएचपी, ती सहा हजार आरपीएमला. हे इंजिन मुळात काटक आहे, आपल्याकडच्या रॅलीवाल्यांचं पिढ्यान्‌पिढ्या लाडकं. मला कॅम बदलून, कॉम्प्रेशन थोडं वाढवून ते ७२०० पर्यंत फिरवायचं होतं. तिथे पहिलं दुखणं येतं ते रॉडच्या बोल्टचं. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, त्या क्षणी रॉड त्याला खाली ओढत असतो, आणि ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. सहा हजारावरून ७२०० म्हणजे आरपीएम वीस टक्के जास्त, पण ओढ ४४ टक्के जास्त. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून अर्धा किलोसुद्धा भरत नाहीत, पण त्या वेगाला एका रॉडवर टनाच्या आसपास ओढ बसते. सगळी त्या दोन बोल्टांवर. म्हणून रॉड आणि बोल्ट चांगले हवेत, बाकी सगळं नंतर. हे मला माहीत होतं. म्हणूनच तर पैसे खर्च करायला निघालो होतो ना!

पिस्टन मी ४०३२ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे मागितले होते. त्यात सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे गरम झाल्यावर पिस्टन कमी फुगतो, क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीतली फट, कमी ठेवता येतो, थंड इंजिन खडखडत नाही. टर्बो नसलेल्या गाडीला तेच बरे. विकणारे साहेब म्हणाले, "दादा, २६१८ घ्या. उद्या टर्बो टाकावासा वाटला तर परत इंजिन उघडणार का?" २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतंच, धातू जास्त चिवट, डेटोनेशनचा, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याचा, मार सोसतो, पण फुगतो जास्त, म्हणून क्लिअरन्स जास्त द्यावा लागतो. हेसुद्धा त्यानेच मला समजावून सांगितलं. बरोबर सांगितलं! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिशेब असा: पिस्टन, पिन आणि रिंगांचा सेट ५६,०००. बोल्टसकट एच-बीम (एच आकाराच्या छेदाचे) रॉड ४४,०००. मेन आणि रॉडच्या बेअरिंग ११,५००. त्यातले ६०,००० आगाऊ, ५१,५०० माल पाठवायच्या आधी. मग "कस्टममध्ये ड्यूटीचा फरक निघालाय" म्हणून आणखी ९,३५०. हे शेवटचे ९,३५० मला सगळ्यात जास्त झोंबतात. ड्यूटी भरायची असते तर कुरिअर कंपनी किंवा कस्टमचा एजंट कागद पाठवतो, बिल ऑफ एंट्री असते. विकणाऱ्याच्या खात्यावर कोणी "ड्यूटी" भरायला सांगितली की फोन ठेवा.

आता कोणी म्हणेल, स्वस्त बघून भुललास. अजिबात नाही. हा भाव स्वस्त नव्हता. बाहेरून मागवलं असतं तर यापेक्षा थोडंसंच जास्त गेलं असतं. नव्वद हजाराचा माल तीस हजाराला मिळाला असता तर मलाही शंका आली असती. त्याने भाव बरोबर तिथे ठेवला होता जिथे शहाणा माणूससुद्धा फसतो.

माल आला. खोके उत्तम, फोम कापून बसवलेला, प्रत्येक पिस्टन वेगळ्या पिशवीत, रॉडवर लेझरने नंबर, बोल्टवर नामांकित अमेरिकन कंपनीचं नाव. सोबत एक छापील कार्ड, बोअरिंगनंतरच्या ७४.५० बोअरसाठी. त्यावर लिहिलं होतं: पिस्टन टू वॉल क्लिअरन्स ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर.

इथे. इथेच सगळं कळायला हवं होतं.

शिवाजी उद्यमनगरात आमचे बोअरिंगचे मिस्त्री आहेत, माझ्या वडिलांच्या लुनाचं सिलिंडरही त्यांनीच केलं होतं. त्यांनी पिस्टन हातात घेतला, स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीवर, मायक्रोमीटर लावला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कार्ड वाचलं. परत मायक्रोमीटर लावला. मग म्हणाले, "तीस मायक्रॉन? आरं, ह्यो तर कंपनीच्या पिस्टनचा क्लिअरन्स हाय. फोर्जला सत्तर तरी सोडाय लागतंय की." पिस्टन उलटा करून त्यांनी पिन बॉसच्या (पिन बसते त्या जाड भागाच्या) शेजारी बोट फिरवलं. तिथे घासून सपाट केलेली एक जागा होती, अंगठ्याच्या नखाएवढी. "हितं काय तरी मोडून घासलंय बघ."

काय तरी! फौंड्रीच्या गावात वाढलेल्या माणसाने ती जागा ओळखायला नको? रनर, म्हणजे साच्यात धातू नेणारी वाट, तोडून ग्राइंडर मारलेली जागा लहानपणापासून हजार कास्टिंगवर पाहिली आहे. पण डोक्यात "फोर्ज्ड" बसलं होतं, आणि डोक्यात जे बसलेलं असतं तेच डोळ्यांना दिसतं. मी तिथूनच त्याला फोन लावला, स्पीकरवर. साहेब हसले. "दादा, तुमच्या मिस्त्रींना सांगा, स्कर्टवर कोटिंग आहे ना काळं, त्याच्यामुळे क्लिअरन्स कमी ठेवतात. आणि ती जागा बॅलन्सिंगला मटेरियल काढलंय."

आता यात अर्धं खरं आहे. कोटिंग असलेल्या पिस्टनला क्लिअरन्स थोडा कमी ठेवतात, हे खरंच आहे. वजन जुळवायला आतून धातू काढतात, हेही खरं आहे. निव्वळ थाप असती तर मी पकडली असती. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी खांदे उडवले आणि कार्डाप्रमाणे होनिंग केलं. गिऱ्हाईकाचा माल, गिऱ्हाईकाचं कार्ड, त्यांचा काय दोष? पण काका, त्या दिवशी एकदा जोरात ओरडला असता तर बरं झालं असतं, एवढं मी म्हणणारच.

बरं, मी काही आंधळेपणाने बसवले नाहीत. गुजरीत मित्राचं सराफी दुकान आहे, तिथल्या काट्यावर चारही पिस्टन तोलले. शेजारच्या गिऱ्हाईक बाई मंगळसूत्राच्या वाट्या सोडून पिस्टनकडे बघत होत्या. वजनं आली २६२, २५८, २६७, २६०. म्हणजे सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांत नऊ ग्रॅम. मग "बॅलन्सिंगला मटेरियल काढलं" ते कुठे गेलं? चांगल्या सेटमध्ये एक-दोन ग्रॅमच्या पुढे फरक नसतो. विचारलं तर उत्तर आलं, "फायनल बॅलन्सिंग बिल्डरने करायचं असतं दादा." पुन्हा अर्धं खरं! प्रत्येक शंकेवर त्याच्याकडे अर्धं खरं तयार होतं.

बोल्टचंही तेच. चांगल्या रॉड बोल्टची लांबी घट्ट करण्याआधी मोजायची, घट्ट केल्यावर किती ताणला ते मोजायचं, आणि सोडला की तो मूळ लांबीवर यायला हवा. येत नसेल तर तो ताणला जाऊन मेला, फेकून द्यायचा. माझ्या मेकॅनिककडे स्ट्रेच गेज नव्हता, टॉर्क रेंचवर (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्यावर) काम झालं. ज्यांना करायचंय त्यांनी गेज विकत घ्या किंवा उसना आणा, पण टॉर्कवर विसंबू नका.

इंजिन चालू झालं. रनिंग-इन नीट केलं, ऑइल बदललं. मग एका रविवारी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, कारखाने बंद असताना, मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पहिल्यांदा काटा ६८०० वर नेला. धाड. पुढे काय ते लिहावंसं वाटत नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडचा बोल्ट तुटला, रॉड ब्लॉकमधून बाहेर आला, मूठ जाईल एवढं भोक, रस्त्यावर ऑइलचा पट्टा. गाडी ओढून आणली.

चुलतभावाने शिरोलीतल्या एका लॅबमध्ये स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते सांगणारी चाचणी) करून घेतला. एका नमुन्याचे ७०० रुपये. सातशे! रॉडचा रिपोर्ट: कार्बन ०.४१, मँगनीज ०.७८, निकेल ०.०४, मॉलिब्डेनम ०.०१. ४३४० मध्ये निकेल १.६५ ते २ टक्के असतं, आपल्याकडच्या ईएन२४ मध्येही सव्वा टक्क्याच्या वर असतं. हे सरळ ईएन८. वर वाळू मारून शॉट पीन (गोळ्यांचा मारा करून मजबूत) केल्यासारखं दिसेल असं केलेलं. पिस्टन: सिलिकॉन ११.८, तांबं १.१, निकेल ०.९. २६१८ मध्ये सिलिकॉन पाव टक्क्यापर्यंत. आता सिलिकॉन जास्त म्हणजे ओतीवच असं नाही, ४०३२ फोर्ज्डमध्येही तेवढंच असतं. म्हणून एक पिस्टन करवतीने कापला, एमरीने घासला. कापाच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली. गॅसची. चुलतभाऊ म्हणाला, "आमच्यात असलं कास्टिंग इन्स्पेक्शनलाच पडलं असतं." म्हणजे बनावट, आणि त्यातही रिजेक्ट!

सातशे रुपयांची चाचणी आधी का केली नाही, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झालाय, तुम्ही विचारू नका. नव्या, पॅकबंद, छप्पन हजारांच्या पिस्टनवर स्पेक्ट्रोचा डाग पाडून घ्यायला कोणाचा हात धजतो? (तुम्ही मात्र करा. रॉडवर मोठ्या टोकाच्या बाजूला, कामाच्या पृष्ठभागापासून लांब. आणि कोणत्याही मशीनिंगच्या आधी.)

त्याला रिपोर्ट पाठवला. निळ्या खुणा आल्या. मग डीपी गेला, मग नंबर बंद.

आता खरी गोष्ट सुरू होते. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न: "माल मिळाला का न्हाई?" मिळाला. "मग फसवणूक कशी म्हणायची? पैसे घेऊन माल दिलाच न्हाई तर फसवणूक." मी म्हटलं, सोनं म्हणून पितळ दिलं तर? "ते सोन्याचं वेगळं असतंय." का वेगळं असतंय ते सांगितलं नाही. मग तक्रार लिहायला बसलेल्यांनी शांतपणे लिहिलं, "तक्रारदार यांनी ऑनलाइन पद्धतीने चार पिस्तूल खरेदी केले." मी वाचलं म्हणून बरं! नाहीतर आज हे कुठून लिहिलं असतं कोणास ठाऊक. पिस्टन म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला, आणि समजल्यावर पुढचा प्रश्न आला, "म्हणजे गाडी मॉडिफाय केली? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहिताय का? आणि एमआयडीसीत रेस लावली होती का?" फसलो मी, आणि चौकशी माझीच. गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर न्यायची होती, हे कितीही वेळा सांगितलं तरी चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

तिथून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले, मग हे सायबर कसलं? परत ठाण्यात जा. ठाणं म्हणालं, व्यवहार मोबाइलवरचा, सायबरला जा. बँकेत गेलो. ज्या खात्यावर पैसे गेले त्याचं नाव विकणाऱ्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळंच होतं, ते खातं कोणाचं एवढं तरी सांगा म्हटलं. "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणाले, गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र देता येत नाही. गुन्हा का दाखल होत नाही? आरोपीचं नाव-पत्ता नाही. नाव-पत्ता कुठे मिळेल? बँकेत. सर्कशीतल्या मौत का कुआँमध्ये तरी मोटरसायकल शेवटी खाली येते. इथे आपण फिरतच राहायचं, आणि प्रत्येक टेबलावर आधारकार्डाची एक झेरॉक्स ठेवत जायची. एका टेबलावर तर मला सल्लाही मिळाला: "एवढ्या पैशात नवीन गाडीचं डाउन पेमेंट झालं असतं की."

एक जण अजूनही "चारशेवीसचं बघू" म्हणत होता. १ जुलै २०२४ पासून ४२० गेलं हो साहेब, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची असते. हे मी, पिस्टन बसवणाऱ्या माणसाने, पाठ करून सांगायचं? त्याच कलमात लिहिलंय की ठाण्याने नोंद घ्यायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी स्पीड पोस्टाने पाठवलंय. पोचपावती आलीय. तूर्त तेवढंच आलंय.

ज्यांच्या बाबतीत पैसे नुकतेच गेलेत त्यांनी माझ्यासारखं आधी ठाण्यात रांग लावू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर आलेच, नंतर वरातीमागून घोडं. माझे तर कधीच सरकले होते, इंजिन फुटेपर्यंत मला कळलंच नव्हतं.

ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे, तो मला वकील मित्राने दाखवला. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. फक्त नोटीस पोचायला पत्ता खरा लागतो. आणि पत्ता खोटा, हे मला त्याच्या बिलावरून कळलं. पीडीएफ बिलावर पत्ता पुण्याचा, जीएसटी नंबर मात्र २९ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २९ म्हणजे कर्नाटक. तो नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला तर भलत्याच धंद्याच्या, भलत्याच माणसाच्या नावावर निघाला, ज्याचा यात काही संबंध नसावा. साइटवर नंबर टाकून बघायला एक मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत. पैसे पाठवण्याआधी बघा.

यूपीआयवर पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते वाचा. वेगळं असेल आणि समोरचा म्हणाला "ते मिसेसचं खातं आहे", तर मिसेसलाच फोनवर घ्या. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता. चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा. आणि क्लिअरन्सचं कार्ड मटेरियलशी जुळत नसेल तर कोटिंगच्या गप्पा ऐकत बसू नका, माल परत करा.

गेल्या आठवड्यात एका मित्राने दुसऱ्या ग्रुपवरचा फोटो पाठवला. नंबर नवा, नाव नवं, पण तोच फोम, तीच छापील कार्डं, या वेळी होंडा सिटी व्हीटेकसाठी. ज्यांनी घेतलेत त्यांनी बसवू नका. पिस्टनच्या आत पिन बॉसच्या शेजारी बघा, घासून सपाट केलेली जागा आहे का. रॉडचा स्पेक्ट्रो करा, निकेल बघा. रिपोर्ट आला की आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका, मग त्याची प्रत मला पाठवा. मला तिथे शेवटी एवढं एकच कामाचं वाक्य ऐकायला मिळालं होतं: "अजून कोणी तक्रारदार असतील तर बघता येईल."